पाय बधिर झाले म्हणून बसून राहायचं का?



गेल्या महिन्यात नंदाखालच्या एका गटाच्या बैठकीला एक मावशी आल्याच नाहीत. हप्ता सुनेच्या हाती पाठवला. मी घरी गेले तर त्या ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "अगं, साखर निघालीय. पायाला मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. आता वाडीत जायचं बंद. काही लागलं तर पाय कापायची पाळी यायची." कित्येक वर्षं पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या नेलेली ही बाई!

मावशींची भीती खोटी नाही. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. काटा घुसला, चप्पल लागली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणूनच पूर्वी डॉक्टरही अशा पेशंटला जास्त चालू नका म्हणायचे. आता पायांचे तज्ज्ञ उलट सांगतात. मधुमेहींच्या पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सांगितलं, की पायाला जखम नसेल आणि धोका कमी किंवा मध्यम असेल, तर रोजच्या चालण्यात साधारण १००० पावलं वाढवायला हरकत नाही. म्हणजे दहा-बारा मिनिटं. अट एकच, चप्पल नीट हवी आणि पाय रोज बघायचे. चालण्याने साखर आटोक्यात राहते, पोटऱ्यांत ताकद येते. बसून राहिल्याने नसा काही सुधारत नाहीत.

धोका किती हे डॉक्टरच ठरवतील, पण पहिली परीक्षा बैठकीत करता येते. ही पद्धत इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयातली. एकीने डोळे मिटायचे. दुसरीने तिच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट हलकेच एक-दोन सेकंद लावायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवायचे. आम्ही केलं तेव्हा आधी नुसती हसाहस. मग दोघीजणी गप्प झाल्या. त्यांना स्पर्श कळलाच नव्हता, आणि त्यातल्या एकीने तर साखर कधी तपासलीच नव्हती. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, आशाताईंना विचारा.

आपली खरी अडचण वाडीत आहे. चिखलात चप्पल रुतते म्हणून आपण अनवाणीच जातो. अंगठ्याची स्लिपर तर बधिर पायातून निसटली तरी समजत नाही. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची सँडल घ्या, आणि घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात. तळवे आरशात बघा. कुरूप ब्लेडने कापू नका. आणि गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं नको, भाजलेलं कळणार नाही.

जखम, फोड, किंवा एकच पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर चालणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल तर तेही सांगा.

मावशींनी पाय तपासून घेतले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आता संध्याकाळी सुनेबरोबर चर्चपर्यंत जाऊन येतात. या महिन्याचा हप्ता त्यांनी स्वतः आणून दिला.