युद्धपट कसा पाहावा? 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या चित्रपटाचे रसग्रहण



कवितेचे रसग्रहण आपण वर्गात करतो. धड्यातली पात्रे, प्रसंग, भाषा यांवर प्रश्न काढतो. चित्रपट पाहिला की मात्र आपला एकच प्रश्न असतो, "आवडला का?" आणि एकच उत्तर, "हो, मस्त होता." युद्धपट असेल तर टाळ्या वाजतात, घोषणा होतात, आणि बाहेर आल्यावर भेळ. मी वेगळी नाही. लहानपणी गावच्या चौकात पडद्यावर पाहिलेल्या युद्धपटातली फक्त विमानं मला आठवतात, माणसं एकही आठवत नाही.

आज ज्या चित्रपटाविषयी लिहिते आहे तो १९३० सालचा आहे. कृष्णधवल, सव्वादोन तासांच्या आसपास. दिग्दर्शक लुईस माइलस्टोन. एरिक मारिया रिमार्क या जर्मन लेखकाची कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि दुसऱ्याच वर्षी हॉलिवूडने तिच्यावर हा चित्रपट काढला. रिमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात लढले होते, १९१७ मध्ये जखमी झाले होते. विशेष म्हणजे चित्रपट अमेरिकन, पण त्यातली मुलं जर्मन. म्हणजे बारा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी लढलो, त्या शत्रूच्या मुलांसाठी अमेरिकन प्रेक्षकाने रडावं अशी ही गोष्ट. आणि प्रेक्षक रडले. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन असे दोन्ही ऑस्कर त्याला मिळाले.

पण मला तो आपल्यासाठी, शिक्षकांसाठी, महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने. चित्रपट सुरू होतो तो वर्गात!

बाहेर रस्त्यावरून सैन्य चाललं आहे. बँड वाजतो आहे. कॅमेरा खिडकीतून वर्गात येतो. कँटोरेक नावाचे वयस्कर मास्तर फळ्यासमोर उभे आहेत. सुरुवातीला बँडच्या आवाजात त्यांचे शब्द ऐकूच येत नाहीत, फक्त हातवारे दिसतात. मग आवाज येतो. देशाला तुमची गरज आहे, तुमच्यासारख्या वर्गाने पुढे व्हायला हवं, असं ते सांगतात. मुलांचे चेहरे एकेक करून जवळून दिसतात. एकाला गणवेशातला आपण स्वतः दिसतो, आई घाबरलेली आणि बाबा अभिमानाने फुललेले. मुलं उठतात, वह्या-पुस्तकं उधळतात आणि गात बाहेर पडतात. उरतो तो रिकामा वर्ग, जमिनीवर कागद. त्यांच्यात बेन नावाचा एक मुलगा आहे. त्याला जायचं नसतं, पण सगळे निघाले म्हणून तोही निघतो. आघाडीवर सुरुवातीलाच तो मरतो.

इथे थोडं थांबा. मास्तर वाईट आहेत का? ते पैसे घेत नाहीत, खोटं बोलतो आहोत असं त्यांना वाटतही नाही. त्यांचं मुलांवर प्रेम आहे. ते उत्तम वक्ते आहेत. हीच तर पंचाईत आहे. पॉल बॉयमर हा आपला नायक याच वर्गातला, आणि मास्तरांचा लाडका.

चित्रपटाच्या उत्तरार्धात पॉल रजेवर गावी येतो आणि पुन्हा त्याच वर्गाच्या दारात उभा राहतो. मास्तर तेच, भाषण तेच, बाकांवरची मुलं फक्त आधीपेक्षा लहान. मास्तर आनंदाने म्हणतात, सांग बाबा यांना काहीतरी पराक्रमाचं. पॉलला सुचत नाही. मग तो खरं ते सांगतो. आम्ही खंदकात राहतो, मरू नये म्हणून धडपडतो, कधी कधी मरतो, एवढंच. आणि मुलं त्याला भित्रा म्हणून ओरडतात. रजा संपायला चार दिवस असताना तो आघाडीवर परत निघतो, कारण तिथे निदान खोटं बोलावं लागत नाही.

रसग्रहण शिकवायचं तर मी या दोन प्रसंगांपासून सुरू करेन. वर्ग एक, मास्तर एक, शब्द एक. बदललं आहे ते मध्ये आपण पाहिलेलं सगळं. पहिल्या वेळी ते भाषण ऐकताना आपलाही ऊर भरून येतो. दुसऱ्या वेळी अंगावर काटा येतो. दिग्दर्शकाने आपल्याला काही समजावून सांगितलेलं नाही, फक्त तीच जागा दोनदा दाखवली आहे. कवितेत धृपद करतं ते काम इथे तो वर्ग करतो.

बुटांचंही तसंच. केमरिख नावाच्या मुलाकडे उंची चामड्याचे बूट असतात. त्याचा पाय कापावा लागतो आणि जो पाय उरलेलाच नाही त्याची बोटं दुखतात म्हणून तो सांगतो. मित्र म्युलर खाटेशी उभा राहून विचारतो की आता हे बूट मला देशील का? पहिल्यांदा पाहताना आपल्याला म्युलरचा राग येतो. नंतर कळतं की तो निर्दयी नाही, त्याचे स्वतःचे बूट निकामी झालेत इतकंच. मग एका छोट्या तुकड्यात, जवळजवळ संवादाशिवाय, ते बूट एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जातात आणि घालणारा प्रत्येक जण पडतो. मुलांना विचारायचा प्रश्न इथे सोपा आहे: बूट जर बोलू शकले असते तर काय बोलले असते? आत्मकथनात्मक निबंध आपण शिकवतोच की, 'फाटक्या छत्रीचे मनोगत' वगैरे. या बुटांचं मनोगत एकदा लिहून घ्या आणि बघा.

आणि तो खड्डा. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात पॉल लपलेला असताना एक फ्रेंच सैनिक आत उडी मारतो. पॉल त्याला भोसकतो. मग रात्रभर त्याच खड्ड्यात तो माणूस हळूहळू मरत राहतो आणि पॉल त्याला पाणी पाजतो, त्याची माफी मागतो. त्याच्या खिशात बायको-मुलीचा फोटो निघतो. तो फ्रेंच सैनिक एक शब्द बोलत नाही. ही भूमिका केली आहे रेमंड ग्रिफिथ यांनी. ते मूकपटातले नावाजलेले विनोदी नट. आवाज अधू असल्याने बोलपट आल्यावर त्यांची कारकीर्द थांबली होती. बोलपटातली त्यांची ही भूमिका बिनआवाजाची आहे आणि मला विचाराल तर संपूर्ण चित्रपटात तीच सगळ्यात जास्त बोलते.

आता प्रेक्षकांविषयी, कारण रसग्रहणात प्रेक्षकही मोजावा लागतो. पूर्वप्रदर्शनात पॉलच्या आईच्या भूमिकेत झासू पिट्स होत्या. प्रेक्षकांना त्या विनोदी नटी म्हणून ठाऊक, त्यामुळे आईच्या गंभीर प्रसंगात लोक हसले. शेवटी दुसऱ्या अभिनेत्रीला घेऊन ती दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली. चूक नटीची नव्हती, प्रेक्षक घरूनच हसू घेऊन आला होता.

बर्लिनमध्ये तर डिसेंबर १९३० मध्ये गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझी कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहात घाण वास सोडणाऱ्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले, आरडाओरडा केला. आठवडाभरात, ११ डिसेंबरला, जर्मनीत चित्रपटावर बंदी आली. पडद्यावरची मुलं पॉलला भित्रा म्हणत होती आणि पडद्यासमोरचेही तेच म्हणत होते. १९३३ मध्ये रिमार्क यांची पुस्तकं जाळली गेली.

पॉलचं काम करणारे ल्यू एअर्स तेव्हा एकवीस वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती घ्यायला नकार दिला. अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांनी त्यांचे चित्रपट दाखवणं बंद केलं. ज्या अमेरिकेने पॉलसाठी रुमाल भिजवले, तीच अमेरिका! पुढे एअर्स वैद्यकीय पथकात भरती झाले आणि पॅसिफिकच्या आघाडीवर जखमींची सेवा करत राहिले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता माझं. आमच्या भागात घरटी एक फौजी अशी गावं आहेत. साताऱ्याकडे, कोकणात काही गावांत दगडी पाट्या आहेत, १९१४ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असा आकडा कोरलेल्या. नावं नसतात, फक्त आकडा. मराठा पलटणींतली आपली माणसं त्या युद्धात मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात अडकली होती, १९१६ साली. पॉलच्या वयाचीच असतील. तेव्हा हा चित्रपट आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

दोन वर्षांपूर्वी २६ जानेवारीला चौथीतल्या एका मुलाला मी भाषण लिहून दिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, वेळ आली तर मी देशासाठी हसत हसत प्राण देईन. मुलाने छान म्हटलं, टाळ्या पडल्या. त्याचे वडील सुट्टीवर आले होते, सैन्यात आहेत. कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ते शेवटचं तुम्ही लिहिलं काय? नऊ वर्षांचा आहे ओ तो." मला वाटलं, फौजी असून असं कसं म्हणतात? मनातून थोडा रागच आला. कँटोरेक मास्तर पाहिले तेव्हा तो राग कुणावर काढावा ते कळलं नाही.

यंदा उन्हाळ्यात शाळेच्या प्रोजेक्टरवर आम्ही काही शिक्षक आणि पालकांनी मिळून हा चित्रपट पाहिला. मुद्दाम त्यांनाही बोलावलं. सगळे खड्ड्याच्या प्रसंगावर बोलत होते, ते गप्प. मग म्हणाले, "आई लोकरीचे आतले कपडे बांधून देते बघा, ते बरोबर आहे. माझी आई अजून देते." आणि पुढे हेही म्हणाले की मास्तर सगळंच चुकीचं बोलत नव्हते, कुणीतरी सीमेवर उभं राहायलाच लागतं. यावर आमची बराच वेळ चर्चा झाली आणि ती मिटली नाही.

शेवटच्या दृश्याविषयी फार सांगत नाही, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. फक्त एक सुचवते. पॉल रजेवर घरी आला की भिंतीवरच्या फ्रेममधली फुलपाखरं नीट पाहून ठेवा.

२०२२ मध्ये याच कादंबरीवर नवा जर्मन चित्रपट आला, नेटफ्लिक्सवर आहे, त्यालाही चार ऑस्कर मिळाले. लढाई त्यात जास्त खरी वाटते, पण पॉलची रजा त्यातून काढून टाकली आहे, म्हणजे वर्गात परत येणं नाहीच. आपल्यासाठी जुनाच बरा.

पालक विचारतात, मुलांना दाखवावा का? प्राथमिकच्या मुलांना अजिबात नको. तारेला चिकटून राहिलेले हात, इस्पितळ, हे त्यांच्यासाठी नाही. आठवीच्या पुढच्या मुलांसोबत स्वतः बसून पाहा, मध्ये थांबवा, बोला. एका बैठकीत संपवायची घाई करू नका. आमच्याकडे पुढच्या शनिवारी दुपारची शाळा सुटल्यावर पुन्हा लावणार आहोत, या वेळी आठवी-नववीच्या मुलांच्या आयांसाठी. आणि २६ जानेवारीच्या भाषणांची वही माझ्याकडेच आहे. चौथीचं पान अजून कोरं आहे. तुम्ही तुमच्या वर्गात ते शेवटचं वाक्य कसं लिहिता, मला जरूर कळवा.