चालू सर्व्हरची डिस्क काढण्याआधी

आमच्या भिलाईत घरटी एक तरी माणूस पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला असतो, नाहीतर होता. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि त्यानंतरच्या भरतीत विदर्भातून जे लोक इथे आले त्यांत माझे वडील. त्यामुळे परमिटची शिस्त आमच्या घरात जेवणाच्या ताटावरही बोलली जायची. चालू यंत्राला हात लावायचा तर आधी कागद. कागदावर यंत्राचा नंबर. जागेवर जाऊन तोच नंबर ताडून पाहायचा, टॅग लटकवायचा आणि मग पाना उचलायचा. मी पुढे सर्व्हरच्या देखभालीच्या धंद्यात पडलो. दुर्ग-भिलाईतले दवाखाने, शाळा, हथखोजकडचे लहान कारखाने यांची वार्षिक कंत्राटं घेतो. या धंद्यात एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे: चालू सर्व्हरमधून हार्ड डिस्क उपसायला कुणी कुणाला विचारत नाही.

विचारत नाहीत, कारण ते काम फार सोपं करून ठेवलं आहे. रॅकमधल्या सर्व्हरच्या तोंडावर ट्रे असतात. खटका दाबा, दांडी बाहेर येते, ओढा, डिस्क हातात. स्क्रू-ड्रायव्हर नको, मशीन बंद करायला नको. मागच्या कनेक्टरच्या पिना मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या असतात. अर्थिंगची पिन आधी टेकते, बाकीच्या नंतर, म्हणून चालू विजेत डिस्क घातली-काढली तरी ठिणगी उडत नाही की सर्किट जळत नाही. ही झाली विजेची काळजी. डेटाची काळजी त्या पिना घेत नाहीत. ती घेतो रेड. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली ही कल्पना: अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि माहिती अशी पसरायची की एखादी गेली तरी बाकीच्यांवरून ती परत तयार करता यावी. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली चालते, रेड ६ मध्ये दोन, आणि रेड ० मध्ये एकही नाही. ट्रे मात्र तिन्हींत सारखेच निघतात.

आता घडलं ते सांगतो. एका कारखान्यातला सर्व्हर. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५, त्यावर टॅली, कामगारांची हजेरी आणि ड्रॉइंगांचे फोल्डर. स्क्रीनवर इशारा आला की डिस्क २ फेल. नवी डिस्क कपाटात तयार होती. मालकांना घाई होती, आणि कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा हुशार होता, हौशीही होता. त्याने डावीकडून दुसरा ट्रे मोजला आणि ओढला. त्या सर्व्हरवर मोजणी शून्यापासून होती: ० पहिली, १ दुसरी, २ तिसरी. हातात आली ती ठणठणीत डिस्क. तिसऱ्या ट्रेचा दिवा नारंगी लुकलुकत होता, पण बाकीचे हिरवे दिवेही लुकलुकतच होते. त्याने दिव्यापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवला. चारांतल्या दोन डिस्क गेल्या आणि सगळा डेटा जागच्या जागी दिसेनासा झाला. मला फोन आला, "भैया, सर्वर बैठ गया."

एवढं झालं तरी त्या क्षणी काहीही पुसलेलं नव्हतं. असल्या प्रसंगात डेटा बहुतेक वेळा पहिल्या चुकीने जात नाही. ती चूक निस्तरायला घाबरून जी बटणं दाबली जातात, त्यांनी जातो. त्या मुलाने डिस्क परत घातली होती, आणि कंट्रोलर, म्हणजे रेड सांभाळणारं कार्ड, आता तिला 'फॉरेन' म्हणजे परकी म्हणत होता. समोर दोन पर्याय, 'इम्पोर्ट' आणि 'क्लिअर'. क्लिअर दाबलं असतं तर रेडचा नकाशाच त्या डिस्कवरून पुसला गेला असता. त्याहून वाईट म्हणजे काही जण अशा वेळी नवा रेड बनवून 'इनिशिअलाइझ' करतात. मी फोनवर एवढंच म्हटलं, "बेटा, माउसवरचा हात काढ. मी येईपर्यंत काही दाबायचं नाही, बंदही करायचं नाही." त्याने ऐकलं, आणि कारखाना वाचला तो त्याच्या या ऐकण्याने.

तिथे गेल्यावर आधी इव्हेंट लॉग वाचला. कुठली डिस्क कधी बाहेर पडली हे त्यात तारीख-वेळेसह असतं आणि अशा वेळी सगळं त्यावर ठरतं. खरोखर बिघडलेली डिस्क आधी पडली होती, म्हणजे तिच्यावरचा डेटा शिळा. तिलाच जबरदस्तीने 'ऑनलाइन' केलं असतं तर शिळा आणि ताजा डेटा एकत्र कालवला गेला असता, आणि वरवर चालू दिसणाऱ्या सर्व्हरमधल्या फाइली आतून सडल्या असत्या. चुकून ओढलेल्या डिस्कचा सिरियल नंबर ताडला, तिचंच कॉन्फिगरेशन इम्पोर्ट केलं. रेड लंगडत का होईना, उभा राहिला. नवी डिस्क लगेच घातली नाही. आधी होता नव्हता तो डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला. टॅलीचा डेटा मात्र उघडेना, कारण लिहिता लिहिताच त्याच्या पायाखालची फळी काढली गेली होती. तो रिराइट करून घेतला, आणि त्या दिवसाची बिलं मुनीमजींनी छापील प्रतींवरून पुन्हा टाकली.

आणि बॅकअप? होता की. त्याच सर्व्हरवर, त्याच चार डिस्कवर, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात. हसू नका. ३१ जानेवारी २०१७ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीच्या इंजिनियरने एका डेटाबेस सर्व्हरऐवजी दुसऱ्याच चालू सर्व्हरवर डेटा पुसायची आज्ञा दिली, आणि पाहायला गेले तर बॅकअपचे ठरवलेले निरनिराळे मार्ग नीट चालतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. चुकीच्या ठिकाणी हात घालणं ही गावातल्या पोराचीच मक्तेदारी नाही.

म्हणून डिस्क बदलण्याआधी माझं परमिट असतं. छापील फॉर्म वगैरे नाही, वहीचं एक पान. त्यावर रेडचा प्रकार, बिघडलेल्या डिस्कचा स्लॉट आणि सिरियल नंबर, शेवटचा बॅकअप कुठे आहे आणि तो उघडून कुणी पाहिला. मग स्क्रीनवरून त्या डिस्कचा 'लोकेट' दिवा लावायचा आणि रॅकसमोर जाऊन पाहायचं. स्क्रीनवरचा स्लॉट, लोकेटचा दिवा आणि बिघाडाचा नारंगी दिवा, तिन्ही एकाच ट्रेकडे बोट दाखवत असतील तरच खटका दाबायचा. दोन जुळले आणि तिसरा जुळला नाही, तर खुर्ची ओढून बसायचं आणि का जुळला नाही ते शोधायचं. कधी डिस्क इतकी मेलेली असते की लोकेटला दादच देत नाही. अशा वेळी उलटं करायचं, बाकी सगळ्या चांगल्या डिस्कचे दिवे लावायचे. जी गप्प राहील ती आपली.

मोजणीच्या भरवशावर तर राहूच नका. डेलच्या मशीनवर स्लॉट शून्यापासून मोजतात, एचपीईच्या मशीनवर एकापासून. एकाच रॅकमध्ये दोन्ही मशीन एकावर एक असतात आणि देखभाल करणारा माणूस एकच असतो. एचपीईच्या अलीकडच्या ट्रेवर 'काढू नका' असं सांगणारा एक पांढरा दिवाही असतो. तो लागला असेल तर ती डिस्क काढल्यावर डेटा कोसळणार हे नक्की. एवढं स्पष्ट सांगूनही लोक तो ट्रे ओढतात, कारण तो कशाचा दिवा हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नसतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सर्व्हर नवा असतानाच प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे आकडे ट्रेच्या तोंडावर चिकटवणं. डिस्क आत असताना तिचं लेबल दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं. फक्त हवेची जाळी झाकू नका.

जिथे रेडचं कार्ड नाही आणि लिनक्सच रेड सांभाळतो, तिथे ट्रे निघतो म्हणून लगेच काढायचा नाही. आधी लिनक्सच्या एमडीएडीएम या आज्ञेने ती डिस्क फेल आणि रिमूव्ह करून घ्या. एसडीए, एसडीबी ही नावं मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, तेव्हा तिथेही ओळख सिरियल नंबरानेच.

नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी हवी, आणि 'एवढी' म्हणजे डब्यावरच्या आकड्याने नव्हे. दोन कंपन्यांच्या ४ टीबींमध्ये थोडे सेक्टर कमी-जास्त असू शकतात, आणि थोडीशी लहान निघाली तरी कंट्रोलर तिला नाकारतो. सास (एसएएस) जोडणीच्या रेडमध्ये साटा (एसएटीए) जोडणीची डिस्क घालू नका. सेक्टरचा आकारही जुळू द्या. एसएमआर पद्धतीची डिस्क तर रेडसाठी फुकट मिळाली तरी नको, सलग लिहायची वेळ आली की ती रडत बसते. जुन्या बाजारातून आणलेल्या डिस्कवर आधीच्या रेडच्या खुणा असतात, म्हणून ती फॉरेन दिसते. तिथे क्लिअर करायला हरकत नाही, पण आपण नेमक्या त्याच डिस्कवर आहोत हे पाहून.

हाताचं काम थोडकं आहे. खटका दाबून ट्रे बोटभर बाहेर काढा आणि अर्धा मिनिट थांबा. आतली तबकडी अजून फिरत असते आणि फिरत्या डिस्कला हिसका बसला तर ती कायमची जाते. बिघडलेलीच आहे, गेली तर गेली, असं म्हणू नका. दुसरी एखादी दगा देईल तेव्हा डेटा वाचवणाऱ्याला हीच लागू शकते. नवी घालताना सरळ आत ढकला, दांडी पूर्ण मिटेपर्यंत. सर्व्हर बंद करून बदलायचा मोह आपल्याकडे फार, टीव्ही-पंख्याच्या दुरुस्तीवरून पडलेली सवय. हॉट-स्वॅप सर्व्हरमध्ये चालू स्थितीतच बदला. बंद असताना बदललेली डिस्क कित्येक कंट्रोलर आपणहून रेडमध्ये घेत नाहीत, आणि जुनं मशीन बंद केलं की परत नीट चालू होईलच याची खात्री नसते.

यानंतर रिबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा परत तयार होणं, आणि खरा धोका इथे आहे. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने लिहायची म्हटली तरी सात-साडेसात तास, आणि त्यात लोक काम करत असतील तर कितीतरी जास्त. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क काठोकाठ वाचल्या जातात, म्हणजे १२ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की साधारण साडेबारा टीबी वाचताना एखादा तुकडा वाचता न येणं शक्य आहे. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, सर्व्हरसाठीच्या डिस्कचा आकडा तर दहापट चांगला असतो. तरीही मी मोठ्या डिस्कसाठी रेड ५ सुचवत नाही. रेड ६ घ्या, एका डिस्कचे पैसे जास्त जातील. आणि रिबिल्ड चालू असताना एसी चालू ठेवायला सांगा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि कारखाना सुटला की चौकीदार इमानेइतबारे एसीच काय, मेन स्विचही पाडतो. त्याला आधी जाऊन सांगावं लागतं. सर्व्हर रूमच्या स्विचवर टॅग लावून येणं हे मी वडिलांकडून उचललेलं आहे.

इशारा येईल तेव्हा बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २००७ साली गुगलच्या लोकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. आणि २०१९च्या नोव्हेंबरात एचपीईने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील. एकाच दिवशी एकाच सर्व्हरमध्ये बसवलेल्या अशा चार डिस्क एकाच वेळी जाणार, तिथे रेड काय करील? तेव्हा फर्मवेअरच्या सूचना वाचत जा, आणि जमलं तर सगळ्या डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नका.

काढलेली डिस्क शेवटी जाते कुठे, हेही पाहा. वॉरंटीत कंपनीला परत दिली तर तिच्यावरचा डेटाही जातो. भंगारवाल्याला दिली तर तो डेटा कुणाकडे जाईल सांगता येत नाही. बिघडलेली म्हणजे वाचता न येणारी, असं मुळीच नाही. मोठ्या कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन बिघडलेली डिस्क ग्राहकाकडेच ठेवू देण्याचा करार देतात. कारखान्याने तो घ्यावा की नाही, हा हिशेबाचा प्रश्न. पण जिथे रुग्णांचे कागद सर्व्हरवर आहेत त्या दवाखान्यांनी तो घ्यावाच, आणि कपाटात साठलेल्या डिस्क वर्षातून एकदा स्वतःच्या डोळ्यांसमोर भोकं पाडून नष्ट करून घ्याव्यात.