शाळेची वाट मुलांच्या पायांनी

दवाखान्यात आलेल्या पालकांना मी विचारतो, शाळा किती लांब? उत्तर बहुधा ठरलेले: "हाकेच्या अंतरावर, पण रहदारी फार, म्हणून गाडीवर सोडतो." भीती खरी आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी.

नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट उमगत नाही. तोवर सोबत चालावे; पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात. सायकल मात्र डावीकडूनच. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मोठी सायकल घेऊ नये (हा मोह मी घरोघरी पाहतो!), सीटवर बसून चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दप्तर हँडलला अडकवल्यास तोल जातो, ते कॅरियरला बांधावे. ब्रेक दर रविवारी आपणच तपासावेत.