उपस्थाता आणि रुग्णाचे समाधान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग व शौच हे गुण अपेक्षित आहेत. पहिल्या दोन पादांवर आपण पुष्कळ लिहितो. तिसरा मात्र बहुधा नातेवाइकांवर सोपवून मोकळे होतो.

आंतररुग्णाच्या अपेक्षा तशा साध्या असतात. हाकेला ओ मिळावी, कोणते औषध कशासाठी हे कळावे, बस्ती देताना आडपडदा असावा. विरेचनाच्या दिवशी वेग मोजणारे, थकवा ओळखणारे माणूस रात्रीही जवळ हवे. संसर्जनक्रमातील पेया वेळेवर व कोमट मिळाली नाही, तर शोधन उत्तम होऊनही रुग्ण नाराजच जातो. भाषेचाही प्रश्न आहे. देगलूर-बिलोलीकडचा रुग्ण तेलुगू, उदगीर-निलंग्याकडचा कन्नड, तर किनवट-माहूरच्या तांड्यावरचा गोरमाटी बोलणारा असू शकतो. पथ्य त्याच्या भाषेत सांगणारी एक परिचारिका छापील पत्रकापेक्षा अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे.

येथे संख्याबळही पाहावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा औषधांच्या जोडीने अपुऱ्या मनुष्यबळाचीही चर्चा झाली. लहान रुग्णालयांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही.

समाधानाची मोजणी मात्र जपून करावी. घरी सोडताना त्याच परिचारिकेने विचारले, तर रुग्ण “सगळं चांगलं हाय” असेच म्हणणार. शिवाय ज्याने आयुष्यभर रांगेत ताटकळण्यापलीकडे काही पाहिले नाही, त्याची अपेक्षाच तोकडी असते. त्याचे समाधान म्हणजे सेवेची गुणवत्ता नव्हे. म्हणून दाखल होतानाच अपेक्षा विचारून टिपून ठेवाव्यात आणि पुनर्तपासणीच्या वेळी, शुश्रूषेशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, त्यांतील काय मिळाले ते विचारावे. “रात्री हाक मारली तेव्हा कोण आले?” हा प्रश्न “समाधानी आहात का?” यापेक्षा बरेच काही सांगून जातो.

औषधालय चालविणाऱ्या सभासदांकडे हाच रुग्ण पुढे येतो. अनुपान व काल त्याला सांगता येत नसेल, तर ती उणीव संबंधित वैद्यास कळवावी.