नायसिन : जीवनसत्त्व आणि औषध

1937 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांना होणारा ‘काळी जीभ’ हा रोग निकोटिनिक आम्लाने बरा केला. मनुष्याच्या पेलाग्रा या रोगावरही तेच गुणकारी ठरले. हेच नायसिन होय. शरीराला त्याची रोजची गरज सुमारे 15 मिलिग्रॅम असते.

1955 साली कॅनडात आल्टशूल, हॉफर आणि स्टीफन यांना असे आढळून आले की, हेच आम्ल ग्रॅमच्या मापाने दिल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. परंतु गरजेच्या शंभरपट घेतलेले जीवनसत्त्व हे जीवनसत्त्व राहत नाही; ते औषध बनते आणि औषधाचे दोषही त्याला चिकटतात.

पहिला दोष डोळ्यांना दिसणारा आहे. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात चेहरा, मान व छाती लाल होऊन त्वचेची आग होते. त्वचेतील पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, हे त्याचे कारण. यावर उपाय आहेत. मात्रा अल्प प्रमाणापासून हळूहळू वाढवावी, गोळी जेवणाबरोबर घ्यावी, त्या वेळी मद्य व गरम पेये टाळावीत. काही रुग्णांना डॉक्टर अर्धा तास आधी ॲस्पिरिन देतात. काही आठवड्यांत शरीर सरावते. मध्ये खंड पडल्यास मात्र हा त्रास पुन्हा उद्भवतो.

दुसरे दोष दिसत नाहीत, म्हणूनच ते अधिक गंभीर होत. यकृताला इजा पोहोचते, रक्तातील साखर व युरिक आम्ल वाढते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांनी लाली कमी होते, पण त्यांपैकी काहींनी यकृताला अधिक अपाय झाला. निकोटिनामाइडने लाली येत नाही. तथापि त्याने कोलेस्टेरॉलही उतरत नाही.

मग हा त्रास कशासाठी सोसावा? 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत नायसिनने पुन्हा येणारे हृदयविकाराचे झटके काही प्रमाणात कमी केले. त्या कालावधीतील मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. 1987 नंतर स्टॅटिन औषधे आली. स्टॅटिन घेणाऱ्यांना नायसिनची जोड देऊन केलेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष 2011 व 2014 साली हाती आले. रक्ताचे आकडे सुधारले, परंतु हृदयविकार टळला नाही. दुसऱ्या चाचणीत मधुमेह, रक्तस्राव व जंतुसंसर्ग वाढल्याचेही दिसले.

यामुळे आज नायसिनचा वापर क्वचितच होतो. केवळ जीवनसत्त्व समजून ते आपल्या मनाने मोठ्या मात्रेत घेणे धोक्याचे आहे. आकडा उतरणे आणि हृदय सुरक्षित राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.