पट्टी, वही आणि टाकीतलं पाणी

तारोडी, भाईंदर (पश्चिम)

चि. सोन्या,

गच्चीवर मातीविना पालेभाजी लावतोयस आणि टाकीसाठी सेन्सर घ्यावा की फ्लोट वाल्व, असं विचारतोयस. माझं म्हणणं, आधी एक खुणा केलेली पट्टी आणि एक वही घे. टाकीत पाणी किती आहे यापेक्षा ते किती वेगानं उतरतंय, हे कळणं मोलाचं. तुझी टाकी 50 बाय 40 सेंटीमीटरची असेल, तर एक सेंटीमीटर उतार म्हणजे दोन लिटर पाणी. ते कुठे गेलं, हा खरा प्रश्न. झाडं पाणी ओढतात ती मुख्यतः दिवसा, उन्हात. रात्री अगदी थोडं. म्हणून संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळा मोज. झाकलेल्या टाकीतलं पाणी रात्रीही दिवसाइतकंच उतरलं, तर आधी गळती शोध. कडक उन्हाच्या दिवशी उतार एकदम निम्म्यावर आला, तर मुळं बघ. पानं कोमेजण्याआधीच वही तुला सावध करील.

उतरत्या पाण्याबरोबर खताचं द्रावणही बदलतं. उन्हाळ्यात झाड खतापेक्षा पाणी जास्त ओढतं. शंभर लिटरमधलं वीस लिटर नुसतं पाणी गेलं, तर 1.5 असलेला ईसी (द्रावणातल्या क्षारांचं माप) 1.9 च्या आसपास चढतो. शिवाय कमी पाणी लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साधारण साडेसात. मुळं कुजायला तेवढं निमित्त पुरतं.

तू म्हणशील, फ्लोट वाल्व आपोआप पाणी भरतो, मग मोजायचं कशाला? पातळी सतत सारखी ठेवून तो नेमकी ही उताराची खबर झाकून टाकतो. गळतीमागे साधं पाणी ओतत राहतो आणि द्रावण पातळ होत जातं. वाल्व लावायचाच, तर त्याला पाणी देणाऱ्या पिंपावर खुणा कर. सेन्सर चोवीस तास जागा असतो, हे खरं. पन्हळीतून पंपानं पाणी फिरवत असशील आणि पंप बंद पडला, तर मुळं उन्हात काही तासांत सुकतात, तेव्हा त्याची घंटा कामाची. पण ध्वनिलहरींचा सेन्सर तोंडावर दव साचलं की चुकतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत तारांचे जोड गंजतात. आठवड्यातून एकदा पट्टीशी ताडल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नकोस.

टाकी सदा काठोकाठ ठेवावी, हाही सल्ला सरसकट ऐकू नकोस. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकींच्या पंपाविना पद्धतीत पाणी उतरतं तशी वरची मुळं हवेत श्वास घेऊ लागतात; ती पुन्हा बुडवली तर गुदमरतात. आणि पावसाळ्यात उघड्या टाकीची पातळी वाढली, तर तोही बिघाडच समज. टाकीला झाकण कर, आणि यंत्र घेण्याआधी महिनाभर वही लिही.

तुझा,
मामा