फांदीवरचं ओझं

माझ्या उजव्या मनगटाच्या चार बोटं वर एक लांब वण आहे. आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. मी नोव्हेंबरात शिकारीला जातो हे ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं की बंदुकीचंच काहीतरी झालं असणार. पण त्या संध्याकाळी बंदूक रिकामी करून गाडीत ठेवलेली होती. हरीण मरून तास उलटला होता. माझा हात मोडला तो हरीण टांगायच्या विंचच्या हँडलने, आणि त्याच दोन-तीन सेकंदांत माझा तेरा वर्षांचा मुलगा थोडक्यात वाचला. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात, टेकड्यांच्या मुलखात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं माझं मत आहे. इथली गोष्ट वेगळी आहे. लांडगा आणि प्यूमा या भागातून कधीच नाहीसे झाले. पांढऱ्या शेपटीची हरणं बेसुमार वाढली, तीच शेतं खातात आणि रात्री गाड्यांवर आदळतात. राज्य सरकार परवाने देऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं. आमच्या घरात एका हरणाचं मटण सात-आठ महिने पुरतं. इथे आता बरीच मराठी कुटुंबं हंगामात रानात जातात. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे सहसा शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. ते मीही घेतलं. नळी कुठे रोखायची, कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची, अंगावर भडक नारिंगी का घालायचं, हे अगदी हाडात मुरेपर्यंत शिकवलं. मात्र पाऊणशे किलोचं मेलेलं जनावर डोक्यावर कसं टांगायचं, यावर आमच्या वर्गात एक शब्दही निघाला नाही. बंदुकीची भीती सगळ्यांनाच असते. दोराची भीती कुणाला शिकवावी लागते, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

मला तर ती असायलाच हवी होती. अमेरिकेत येण्याआधी अकरा वर्षं मी पिंपरीत देखभाल विभागात काढली. क्रेन, चेनकप्पी, स्लिंग, शॅकल हे माझ्या रोजच्या हाताखालचं सामान होतं. उचललेल्या ओझ्याखाली उभं राहायचं नाही, हे मी कितीतरी पोरांना दरडावून सांगितलं आहे. रानात गेलो आणि तेच विसरलो, कारण तिथे मला ते ओझं वाटलंच नाही. ते हरीण होतं, आनंद होता, मुलगा सोबत होता आणि अंधार पडत होता.

पहिली दोन वर्षं शेजारच्या आजोबांनी मला सांभाळून घेतलं. सत्तरी ओलांडलेले, गाईंच्या गोठ्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. ते हरीण पडलं तिथेच जमिनीवर पोट साफ करायचे आणि मग गोठ्याच्या तुळईला टांगायचे. तिसऱ्या वर्षी ते आजारी होते. मी दुकानातून उचलता येण्याजोगा एक संच आणला होता. त्यात पट्ट्याने झाडाच्या बुंध्याला आवळायची हाताची विंच, फांदीला अडकवायची एक कप्पी आणि एक गँब्रेल होतं. गँब्रेल म्हणजे कावडीसारखी लोखंडी दांडी. तिची दोन टोकं हरणाच्या मागच्या पायांत धोंडशिरेच्या आतून घालतात आणि जनावर उलटं टांगतात. माझी कंबर दुखते, म्हणून मी ठरवलं होतं की या वेळी आधी टांगायचं आणि उभ्यानेच साफ करायचं.

साडेतीनच्या सुमाराला नर पडला. नोव्हेंबरअखेर इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. ओढत झाडापर्यंत आणेपर्यंत उजेड गेला. एक आडवी, मांडीएवढी जाड फांदी दिसली. तिच्यावर कप्पी अडकवली, विंच बुंध्याला आवळली आणि हँडल फिरवायला लागलो. रॅचेटचा खटका टकटक वाजत होता आणि हरीण अलगद वर गेलं. चढवणं इतकं सोपं झालं की मी जरा जास्तच चढवलं. पोट माझ्या डोळ्यांच्या वर आलं. मुलगा हरणाचा पुढचा पाय धरून ते फिरू नये म्हणून खालीच उभा होता. मी त्याला म्हणालो, "जा, गाडीतून दुसरी बॅटरी आण."

तो गेला. ओझं खाली घ्यायचं तर दात्यावरून खटका उचलावा लागतो, आणि खटका उचलला की ओझं फक्त आपल्या हातावर उरतं. त्या विंचला ब्रेक नव्हता. हातमोजे बर्फाने ओले झाले होते. खटका उचलला, हँडल निसटलं आणि उलटं गरगर फिरलं. पहिल्याच फेऱ्यात ते हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हरीण सुमारे हातभर खाली आलं, मग ड्रमवर दोरात दोर अडकला आणि ते हिसक्यासरशी थांबलं. तेवढ्या हिसक्याने फांदी बुंध्यापासून तुटली आणि हरणासकट खाली आली. मुलगा पाय धरून जिथे उभा होता, बरोबर तिथे.

पुढचं थोडक्यात सांगतो. फोनला रेंज नव्हती. मुलाने माझ्या हाताला काठी बांधली आणि आम्ही टेकडी उतरून रस्त्यावर आलो. आजोबांचा मुलगा मला घेऊन रुग्णालयात गेला आणि रात्री त्यानेच त्या हरणाचीही व्यवस्था केली. तीन महिने मी उजव्या हाताने सही करू शकलो नाही.

हात गळ्यात असताना मी तो सगळा प्रकार कागदावर मांडला, डाव्या हाताने. डोकं ठिकाणावर असतं तर हा हिशेब मी झाडाखालीच केला असता.

हरीण ७५ किलोचं धरू. फांदीवर किती भार? बहुतेक जण ७५ म्हणतील. खरा भार दीडशे किलो असतो. दोर कप्पीवरून दोन्हीकडे खाली येतो. एका बाजूला हरीण ७५ किलोने ओढतं आणि दुसऱ्या बाजूला विंचही तेवढ्याच जोराने खाली ओढते. फांदी दोघांनाही पेलते. विहिरीवर एका कप्पीने बादली शेंदतो तेव्हा आडव्या लाकडावर बादलीच्या दुप्पट भार येतो, तसंच हे. आता तेच ओझं अर्धा मीटर मोकळं पडून पाच सेंटिमीटरच्या आत थांबलं, तर दोराला बसणारा ताण ओझ्याच्या सरासरी अकरापट होतो. म्हणजे सव्वाआठशे किलो. मांडीएवढी फांदी तुटली याचं मला आता नवल वाटत नाही.

शिवाय ती फांदी मेलेली होती. झाड अ‍ॅशचं होतं. एमरल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगा आशियातून अमेरिकेत आला आणि २००८ मध्ये विस्कॉन्सिनात सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली खातात, झाडातलं अन्नपाणी तोडतात, आणि झाड उभ्या उभ्या मरतं. मेलेलं अ‍ॅश फार ठिसूळ होतं, न करकरता तुटतं. उन्हाळ्यात बोडकं झाड लगेच ओळखू येतं, पण नोव्हेंबरात सगळीच झाडं बोडकी असतात. तेव्हा साल बघायची. सुतार पक्ष्याने सोलून फिकट केलेले पट्टे किंवा सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसली तर त्या झाडाखाली डबा खायलाही बसू नका. नंतर आजोबांनी येऊन ते झाड पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हे झाड तीन वर्षांपूर्वीच मेलंय, बाळा."

माझं पहिलं सांगणं असं: पोट साफ करणं जमिनीवरच उरका, हरीण पडलं तिथेच. कंबर दुखत असली तरी गुडघ्याखाली घडी घातलेलं पोतं घ्या आणि जमिनीवरच करा. आतडी-वझडी, काळीज, फुप्फुसं निघाली की जनावराचं वजन पावभागाच्या आसपास घटतं, आणि ओढायला, टांगायला तेवढं कमी उरतं. त्याहून मोठा फायदा मटणाचा. मेलेल्या जनावराच्या पोटातली ऊबच मटण नासवते. ती लवकर बाहेर पडायला हवी. छातीच्या हाडापासून खाली कातडं चिरताना सुरीची धार वर, आपल्या दोन बोटांच्या मधे ठेवायची, म्हणजे आतडं फुटत नाही. मूत्राशय चिमटीत धरून सावकाश काढायचं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कडेकडेने कापून श्वासनळी वर हात पोचेल तिथे तोडायची. हे काम दुसऱ्या माणसाचे हात आत असताना कधी करू नका. आत काही दिसत नसतं आणि सुरी कुणाची बोटं ओळखत नाही.

टांगायचं ते नंतर, धुवायला, निथळायला आणि सोलायला. तेही सावकाश, शक्यतो दुसऱ्या दिवशी उजेडात. तापमान चार अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर रात्रभर घाई नसते. त्याहून ऊब असेल तर पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा.

कशावर टांगायचं, यात मी आता फार हट्टी झालो आहे. गोठ्याची तुळई किंवा गॅरेजची पक्की तुळई सगळ्यांत चांगली. रानातच करायचं तर जिवंत ओकची फांदी, बुंध्याजवळची. टोकाकडे सरकाल तशी तिची ताकद झपाट्याने घटते. तीन पायांची तिपाई असेल तर पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा. आपल्याकडे बोअरमधली मोटार काढताना तिपाईचा एक पाय चिखलात सरकला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही. गाडीच्या मागच्या हिचमध्ये बसणारा खांब सोयीचा आहे, पण दुपारी वरवर वितळलेल्या जमिनीत त्याचा टेकू रुततो. त्याखाली फळी द्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

एका कप्पीपेक्षा अनेक चाकांची, दोर चारदा फिरणारी जोडकप्पी घ्या. ७५ किलोला हिशेबाने १९ किलोचा जोर लागतो. घर्षण धरून पंचवीसच्या आसपास. एक मीटर वर न्यायला चार मीटर दोर ओढावा लागतो, एवढीच किंमत. मात्र त्यामुळे वरच्या फांदीवरचा भारही दीडशेऐवजी शंभरच्या घरात राहतो. हा दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच मोठा वाटतो.

विंचच घ्यायची तर ब्रेकवाली. हँडल सोडलं तरी ओझं आहे तिथे थांबलं पाहिजे. दुकानात याची खात्री करून घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा अनेकदा तुटण्याचा असतो, रोज उचलायचा नसतो. रोजच्या भाराचा आकडा वेगळा शोधा. नाही सापडला तर ती वस्तू परत ठेवा. दोराला गाठ मारली की त्याची तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ताकद जाते, म्हणून गाठीऐवजी शिवलेला फास आणि शॅकल वापरा. गँब्रेलसाठी भोक पाडताना धोंडशिरेला सुरी लागू देऊ नका. पुढे सगळं जनावर तिच्यावरच लोंबकळणार असतं.

आणि हरीण वर असताना त्याच्या खाली कुणी नको. पाय धरायलासुद्धा नको. फिरायला लागलं तर पुढच्या पायाला दहा फुटांचा दोर बांधून बाजूने धरा. सोलताना खुराची उंची अशी ठेवा की सुटलं तर ते सरळ जमिनीवर येईल, अंगावर नाही. माझ्या हरणांची मुंडकी जमिनीला टेकता टेकता राहतात आणि लोक विचारतात की इतकं खाली का. मी कारण सांगतो.

एक गोष्ट आमच्या भागातल्यांसाठी. हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदू पोखरणारा रोग विस्कॉन्सिनात २००२ मध्ये इथूनच जवळ सापडला. त्याला कारण असलेलं प्रायॉन नावाचं प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. हातमोजे घाला, पाठीचा कणा करवतीने चिरू नका, नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्येच राहू द्या. निकालात रोग निघाला तर सगळं टाकून द्या, मन घट्ट करून. हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते, तीही या सगळ्या धावपळीत विसरू नका.

माझा मुलगा आता सोळाचा आहे. मागच्या वर्षी त्याने पहिलं हरीण मारलं. पोट त्याने जमिनीवर साफ केलं, मी फक्त बॅटरी धरली. टांगायच्या आधी तो फांदीकडे बघत बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "नको बाबा, गोठ्यावर नेऊ." आम्ही दोघांनी ते स्लेडवरून पाऊण मैल ओढत नेलं.

तुमच्याकडे असा संच असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी एका रविवारी गॅरेजमध्ये वाळूची दोन पोती, चाळीस-चाळीस किलोची, त्याला टांगा. हातमोजे पाण्यात भिजवून घाला. पोती वर न्या, दहा मिनिटं तशीच ठेवा आणि मग सावकाश खाली आणा. खाली आणताना एकदा जरी हात घाबरला, तर तो संच रानात नेऊ नका.